कोरियाची लढाई आणि आपल्या मुलखातला काळा दगड

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय मीच सुचवला होता : लहान लढाईनं मोठ्यांचं वैर कसं वाढतं. वीस-बावीस पोरं आली. मी रात्रपाळी करून तसाच आलो होतो, केसांत कापूस. बोलायला लागलो आणि पाचव्या मिनिटाला एक दोस्त उठला. म्हणाला, "भाऊ, आपल्या गल्लीत नळाले पाणी नाही, पोरायची स्कॉलरशिप अडकली हाये, आन् तुमी अमेरिका-रशिया घेऊन बसले. कुठी कोरिया, कुठी सावनेर!" सगळे हसले. मीही हसलो. त्याला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. कविता लिहिणाऱ्याचं तोंड ऐनवेळी बंद होतं, माझं तर नेहमीच. म्हणून लिहून देतो.

मी काही शिकलेला इतिहासकार नाही. दहावी झाली आणि सूतगिरणीत लागलो, रिंग खात्यात. जे वाचलं ते लायब्ररीत, चहाच्या टपरीवर आणि उसनं आणून. पण या विषयाला मी पुस्तकातून आलो नाही. माझ्या आजीच्या डोक्यावरच्या टोपलीतून आलो.

आजी खाप्याच्या बाजूची. तेरा-चौदा वर्षांची असताना, म्हणजे १९५१ च्या मागंपुढं, ती आपल्या मायसोबत एका ठेकेदाराच्या खदानीत दगड उचलायला जायची. नुसता दगड नाही, मँगनीज. हातात घ्या म्हणजे कळेल. मुठीएवढा तुकडा पण वजन लोखंडासारखं, आणि हाताला काळं लागतं ते दोन दिवस निघत नाही. आजी सांगायची, "टोपली डोक्श्यावर घेतली का मान पोटात जाये बाबू. चुंबळ कितीबी जाड करा, डोक्श्याचे केस जायेच." मग मध्येच म्हणायची, "त्या साली लय घाई होती. मुकादम रोज बोंबले, दगड पाठवा, दगड पाठवा, साहेबाले पायजे. रातीबी कंदील लावून दगड फोडे लोकं. मंग दोन-तीन सालानं अचानक म्हने, घरी जा. काऊन, ते काई सांगतलं नाई."

हे 'काऊन' माझ्या डोक्यात राहिलं. घाई कसली होती? आणि मग घरी जा कशापायी? आजी गेली तरी तिला उत्तर मिळालं नव्हतं. ते उत्तर सात समुद्रापलीकडं, कोरियात होतं.

पहिले दगडाचं बघू. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. लोखंड वितळवताना त्यात गंधक राहतं, ते राहिलं तर पोलाद ठिसूळ होऊन तडकतं. मँगनीज टाकलं की ते गंधकाला धरून ठेवतं. एक टन पोलादाला सहा-सात किलो मँगनीज लागतं. भाजीतल्या मिठाएवढं, पण मिठाशिवाय भाजी खाऊन बघा. म्हणजे रणगाडा असो, तोफ असो की रेल्वेचा रूळ, त्यात हा काळा दगड आहेच. दुसरी कोणतीही वस्तू त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि हा दगड कुठं आहे? आपल्या पायाखाली. सावनेर तालुक्यात खाप्याजवळ गुमगाव (वर्धा लाईनवरचं गुमगाव नव्हे, ते वेगळं), रामटेककडे मनसर, कांद्री, भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाटात भरवेली, तिरोडी. एक लांब पट्टाच आहे. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी मनसरला खणायला सुरुवात केली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी, विलायतेची, ती इथली सगळ्यात मोठी मालक. विशाखापट्टणमचं बंदर १९३३ साली सुरू झालं ते मुख्यतः हाच दगड बोटीवर चढवायला. खणणारे कोण? महार, गोंड, छत्तीसगडहून आलेले. जमीन ज्यांची नव्हती ते सगळे.

दगडाचा दुसरा मोठा मालक रशिया. जॉर्जियातलं चियातुरा आणि युक्रेनमधलं निकोपोल इथं त्याचे साठे. इथं नीट लक्ष द्या. १९०४-०५ साली रशिया आणि जपानची लढाई झाली, कोरिया आणि मांचुरिया कुणाचा यावरून. लढाईत रशिया हरला, आत क्रांतीचा भडका उडाला, चियातुराच्या खाणी आणि रेल्वे बंद पडल्या. विलायत-अमेरिकेच्या कारखान्यांना दगड मिळेना. ते कुणाकडं वळले? आपल्याकडं. १९०७ साली हिंदुस्थानचं मँगनीज नऊ लाख टनांच्या घरात गेलं, तीन वर्षांपूर्वीच्या कितीतरी पट. म्हणजे आपल्या पणज्याच्या बापाच्या हातातली पहार तेव्हाही कोरियाच्या भांडणावरच चालत होती. त्याला कोरिया हे नाव ठाऊक नसेल. नाव ठाऊक नसल्यानं पहार हलकी होत नाही.

आता मूळ गोष्टीला येतो.

१९४५ साली दुसरं महायुद्ध संपता संपता जपान कोरियातून निघणार हे ठरलं. ऑगस्टच्या एका रात्री वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन कर्नलांनी नकाशा समोर घेऊन ३८ व्या अक्षांशावर रेघ मारली. वर रशियाची फौज, खाली अमेरिकेची. कोरियातल्या एकाही माणसाला विचारलं नाही. गावाच्या वेशीवर रेघ मारून 'तुमची विहीर तिकडं' म्हणणारे आपल्याला नवे नाहीत, पण इथं अख्खा देश चिरला. वर किम इल सुंग बसला, खाली सिंगमन ऱ्ही. दोघंही अख्खा कोरिया आपलाच म्हणत होते.

हे दोन लहान लोक मोठ्यांच्या मागं लागले होते, हे विसरू नका. आपण समजतो मोठे हुकूम देतात आणि लहान लढतात. तसं नेहमी नसतं. १९९० नंतर रशियाच्या दप्तरातले कागद बाहेर आले. त्यात दिसतं की किमनं स्टालिनकडं परवानगीसाठी पुन्हा पुन्हा खेटे घातले. स्टालिन आधी नाही म्हणाला. १९५० च्या वसंतात हो म्हणाला, पण अट घातली : माओला विचार. म्हणजे मार पडला तर तो चीननं खावा. आपल्यातले काही लाल दोस्त अजून म्हणतात की लढाई दक्षिणेनं सुरू केली. कागद तसं म्हणत नाहीत. २५ जून १९५० ला उत्तरेची फौज रेघ ओलांडून खाली आली.

वैर आधी नव्हतं का? होतं. १९४८ ला बर्लिनची कोंडी झाली, १९४९ ला नाटो झाली, त्याच साली रशियानं अणुबॉम्ब फोडला आणि चीनमध्ये माओ आला. पण तोवर वैर भाषणात जास्त आणि तिजोरीत कमी होतं. अमेरिकेनं महायुद्धानंतर फौज घरी पाठवली होती. एप्रिल १९५० मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी एक गुप्त टिपण तयार केलं, नंबर ६८ चं. त्यात म्हटलं होतं की रशियाला जगभर अडवायचं तर शस्त्रांवर कितीतरी पट खर्च करा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमननं ते लगेच मान्य केलं नाही, पैसा कुठून आणायचा? कोरियात गोळी सुटली आणि सप्टेंबरात टिपण मंजूर. लष्कराचा खर्च वर्षाला सुमारे १३ अब्ज डॉलर होता तो तीन वर्षांत ५० अब्जांच्या आसपास गेला. लढाई संपल्यावरही तो जुन्या ठिकाणी परत आला नाही. शस्त्राच्या कारखान्याला एकदा ऑर्डरची चटक लागली की तो शांततेतही भुकेला राहतो, हे गिरणीत काम करणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि हे वैर नकाशावर पसरलं कसं ते बघा. लढाई कोरियात, पण दोन दिवसांनी, २७ जूनला, ट्रुमननं सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत घातलं. तैवानचा प्रश्न तेव्हा जो गोठला तो अजून गोठलेलाच आहे. त्याच दिवशी व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या फ्रेंचांची मदत वाढवली, पुढं तिथं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. युरोपात नाटो कागदावर होती, तिला आयसेनहॉवर हा सेनापती मिळाला आणि अमेरिकेच्या जादा डिव्हिजन जर्मनीत गेल्या. ज्या जर्मनीला पाच वर्षांपूर्वी नि:शस्त्र केलं तिच्याच हातात पुन्हा बंदूक द्यायचं ठरलं. १९५१ ला जपानशी तह झाला, जपान अमेरिकेचा तळ बनला. एका गल्लीतलं भांडण आणि सगळ्या शहरानं दारामागं काठ्या आणून ठेवल्या.

चीन यात कसा ओढला गेला, तिथं आपला एक माणूस साक्षीदार आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये अमेरिकन सेनापती मॅकआर्थर जिंकत जिंकत वर निघाला होता. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनच्या पंतप्रधानानं, चौ एन-लायनं, भारताचे राजदूत पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावलं. निरोप असा की अमेरिकन फौज रेघ ओलांडून वर आली तर चीन लढाईत उतरेल. भारतानं तो पोचवला. वॉशिंग्टननं पणिक्करांना चीनचा भोपू समजून सोडून दिलं. काही दिवसांतच चीनची फौज यालू नदी उतरली. रशियाचे वैमानिक चिनी गणवेश घालून मिग विमानं उडवू लागले, अमेरिकेला ते कळलंही, पण दोघंही गप्प. कारण उघड बोललं तर महायुद्ध. ३० नोव्हेंबरला ट्रुमन पत्रकारांसमोर अणुबॉम्बबद्दल बोलून गेला. जग इतकं जवळ आलं होतं.

आता खाप्याला या.

१९४८ च्या शेवटापासून रशियानं अमेरिकेला मँगनीज देणं आखडलं, पुढं जवळजवळ बंद केलं. अमेरिका जगातल्या पोलादापैकी निम्म्याच्या आसपास पोलाद एकटी करत होती आणि तिच्या जमिनीत चांगलं मँगनीज नावाला. ज्याच्याशी लढायचं त्याच्याच दगडावर आपला रणगाडा, अशी गत. मग ती भारताकडं आली. कोरिया पेटल्यावर तर साठा करायची घाई झाली, लढाई उद्या युरोपात आली तर? भाव चढले. विलायती कंपनी होतीच, तिच्याशिवाय किती शेठ-सावकारांनी पट्टे घेऊन खड्डे खणायला सुरुवात केली. आजीच्या मुकादमाची बोंब ही. 'साहेबाले पायजे' मधला साहेब कोण, हे मुकादमालाही माहीत नसेल. तो साहेब पिट्सबर्गच्या भट्टीजवळ उभा होता.

भाव चढला म्हणून आजीच्या मायची मजुरी चढली का? आजीच्या आठवणीत तरी नाही. टोपल्या वाढल्या होत्या, तेवढंच.

आणि ह्याच दोन वर्षांत देशात धान्य नव्हतं. बिहारात, मद्रासकडं दुष्काळ. डिसेंबर १९५० मध्ये भारतानं अमेरिकेकडं वीस लाख टन धान्य मागितलं. बरोबर याच वेळी कोरियावरून भारत अमेरिकेला खुपत होता. सुरुवातीला युनोत भारतानं उत्तर कोरियाला आक्रमक म्हटलं होतं, पण १ फेब्रुवारी १९५१ ला चीनला आक्रमक ठरवणाऱ्या ठरावाच्या विरोधात मत दिलं. अमेरिकेच्या संसदेत खासदार उठले : हे आपल्या विरोधात मत देतात आणि गहू मागतात! महिन्यांमागून महिने बिल लटकलं. काही म्हणाले, गहू द्या पण बदल्यात माल घ्या. कोणता माल? केरळची मोनाझाइट वाळू, जिच्यातून अणूच्या कामाचं थोरियम निघतं, आणि मँगनीज. तिकडं रशियानं गहू आणि चीननं तांदूळ देऊ केला, तेही काही दयेपोटी नाही, अमेरिकेला खिजवायला. शेवटी १५ जून १९५१ ला १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. दान नाही, कर्ज. मोनाझाइटच्या बाबतीत नेहरू अडून राहिले, मँगनीज जात राहिलं.

म्हणजे चित्र असं. डोक्यावर टोपलीत अमेरिकेच्या रणगाड्याचा दगड. घरी ताटात काय असेल ते अमेरिकेच्या बोटीवर अडकलेलं. आणि दोन्ही ठिकाणी गाठ कोरियाची. आता सांग दोस्ता, कुठं कोरिया, कुठं सावनेर.

यावेळी बाबासाहेब काय करत होते? २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलासाठी दिला एवढंच आपण पोस्टरवर लिहितो. १० ऑक्टोबरचं त्यांचं निवेदन पूर्ण वाचा. त्यात अस्पृश्यांची उपेक्षा आहे, हिंदू कोड आहे आणि परराष्ट्र धोरणही आहे. त्यांनी हिशोब मांडला : वर्षाचं उत्पन्न साडेतीनशे कोटी, त्यातले एकशेऐंशी कोटी फौजेवर. आणि का? कारण मित्र उरला नाही. जगात वैर वाढलं की आपल्यासारख्या देशाच्या तिजोरीतला अर्धा पैसा बंदुकीला जातो, आणि उरलेल्या अर्ध्यातून शाळा, दवाखाने, वसतिगृह. माझ्या दोस्ताची अडकलेली स्कॉलरशिप त्या उरलेल्या अर्ध्यातली आहे, हे त्यानं लक्षात घ्यावं.

पुढं २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत ते पंचशीलावर तुटून पडले. राजकारणात पंचशीलाला जागा नाही, तिबेट चीनच्या हाती गेलं म्हणजे चीन आपल्या हद्दीवर येऊन बसला, असं त्यांनी बजावलं. काही जण म्हणतात बाबासाहेब अमेरिकेच्या बाजूला झुकले होते. मला वाटतं त्यांचा सवाल वेगळा होता. दोघांपासून लांब राहायचं तर त्याची किंमत कोण भरतं, हे सांगा. हा सवाल बाजूनं विचारला तरी खरा आणि विरोधात विचारला तरी खरा. आठ वर्षांनी, १९६२ ला, चीननं त्याचं उत्तर दिलं.

पण त्याआधी कोरियाचं वैर आपल्या दारात आलं ते पाकिस्तानच्या वाटेनं. कोरियात रक्त सांडल्यावर अमेरिकेनं आशियात करारांचं कुंपण घालायला घेतलं. मे १९५४ ला पाकिस्तानशी लष्करी करार, सप्टेंबरात मनिलाला सीटो. कोरियाच्या आभाळात अमेरिकेचं सेबर आणि रशियाचं मिग एकमेकांवर झडप घालत होती. ते सेबर पाकिस्तानला मिळालं आणि १९६५ ला आपल्यावर आलं. आणि मिग? पुढचं मॉडेल, मिग-२१, बनवायचा कारखाना १९६४ ला आपल्या नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. कोरियाचं आभाळ उचलून कुणी इथं आणून ठेवलं म्हणा. रशिया दुसऱ्याही दारानं आला. फेब्रुवारी १९५५ ला भिलाईचा करार झाला, चार वर्षांनी तिथली भट्टी पेटली. आपल्या हावडा लाईनवरचं भिलाई. आपला दगड आता अमेरिकेऐवजी रशियानं बांधलेल्या भट्टीत जाऊ लागला. दगडाला देश नसतो.

खरं सांगायचं तर या भांडणातून आपल्या लोकांना काही मिळालंही. १९६२ नंतर भंडारा, भद्रावती, अंबाझरी इथं दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आले. मँगनीजच्या खाणी १९६२ ला मॉईल कंपनीत आल्या, १९७७ ला ती पूर्ण सरकारी झाली. राखीव जागेवर लागलेला बाप, महिन्याचा पक्का पगार, क्वार्टर, पोरगं इंजिनीअर, अशी घरं आपल्यात आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पोट भरलं ते कशावर, हे मुलांना सांगा.

लढाई आली की आमची आठवण होते, हे तर जुनंच. महारांची लष्करभरती १८९० च्या दशकात बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ नंबरची महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर मोडली. १९४१ ला पुन्हा उभी केली, दुसरी बटालियन तर आपल्या कामठीत. कोरियात काळ्या अमेरिकनांचं हेच झालं. त्यांची वेगळी पलटण होती, २४ वी इन्फन्ट्री. ट्रुमननं १९४८ ला फौजेतला भेदभाव मोडायचा हुकूम काढला होता, पण सेनापती ढिम्म. कोरियात गोऱ्या पलटणीत माणसं कमी पडली तेव्हा काळा शिपाई गोऱ्याच्या खंदकात चालला. १ ऑक्टोबर १९५१ ला २४ वी मोडली. दुसरी एक लाज होती : रशिया जगभर सांगत होता, बघा यांची लोकशाही. म्हणजे महासत्तांच्या वैरानं काळ्यांना थोडी जागा करून दिली. हक्क म्हणून मागितलं तेव्हा नाही, गरज पडली तेव्हा. आपण हे ओळखतो.

लढाई थांबली २७ जुलै १९५३ ला, पानमुनजोमला. नुसती थांबली, तह अजून नाही. वीस लाखांहून जास्त माणसं मेली, बहुतेक कोरियन, आणि निम्म्याहून जास्त साधी माणसं. अमेरिकेचे ३६ हजारांवर गेले, चीनचे त्याच्या कितीतरी पट. रशियाचे काही शे. रेघ जवळजवळ होती तिथंच. कैद्यांना सांभाळायला भारताची फौज गेली होती, तिचे सेनापती कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन त्यांनी ते काम केलं. जगातल्या सगळ्यांना पटेल असा पहारेकरी भारताशिवाय दुसरा सापडला नव्हता, ही गोष्ट मात्र अभिमानानं सांगावी अशी आहे.

आणि इकडं? १९५३ च्या सुमारास भारताचं मँगनीज शिखरावर होतं. मग अमेरिकेची गोदामं भरली, भाव पडला. पुढं अमेरिकन पैशानं ब्राझीलमध्ये आमापाच्या जंगलात खाणी निघाल्या, मग आफ्रिकेत गाबोनला. तिथला दगड त्यांना जवळ आणि स्वस्त. घाईत काढलेले आपल्याकडचे लहान खड्डे एकामागून एक बंद झाले. त्यांत पावसाचं पाणी साचलं, पोरं पोहायला जाऊ लागली. 'घरी जा' याचं कारण हे. आजे, हे तुला सांगायचं राहिलं.

विषय जुना झाला असं कुणी म्हणेल. २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला. चियातुरासोबत ज्या निकोपोलचं नाव वर आलं, ते शहर नीपर नदीच्या काठी तोफांच्या माऱ्यात सापडलं. तिथल्या मँगनीजच्या कामगारांचं काय झालं असेल, ते मला आजीवरून कळतं. पुन्हा एका ठिकाणची लढाई, पुन्हा युरोपात काठ्या बाहेर, स्वीडन-फिनलंडसारखे शेजारीही नाटोत गेले, उत्तर कोरियाचे शिपाई रशियासाठी लढायला गेले. आणि मँगनीज आता बॅटरीला लागतं म्हणून अमेरिका आणि चीन त्याची यादी घेऊन बसले आहेत. खाप्याच्या रोडनं ट्रक जातात, ताडपत्रीखाली काय आहे ते आपल्याला माहीत आहे.

पुढच्या अभ्यासवर्गाला येताना एक काम करा. ज्यांच्या घरी गुमगाव, मनसर, कांद्री, चिखला, तिरोडीला राबलेलं म्हातारं माणूस असेल, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : कोणत्या साली घाई होती, कोणत्या साली घरी बसवलं, टोपलीचे किती मिळायचे. जसं बोलतील तसं लिहा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. कागद कसाही चालेल. शुद्धलेखन आम्ही बघत नाही.